शिकागो: दलदलीतलं शहर आणि न दिसणारी रेषा

प्रश्न: विवेकानंदांच्या १८९३च्या भाषणामुळे शिकागोचं नाव लहानपणापासून ऐकतोय. पण मुळात ती जागा दलदलीची होती म्हणे, मग एवढं मोठं शहर तिथे झालंच कसं? आणि गोऱ्यांच्या, काळ्यांच्या वस्त्या अजूनही वेगळ्या का?

उत्तर: दलदल होतीच, पण जागा मोक्याची. एकीकडे मिशिगन सरोवर, दुसरीकडे मिसिसिपीला मिळणाऱ्या नद्या आणि मधे जमिनीचा जेमतेम पट्टा, तिथून होड्या उचलून न्यायच्या. तिथल्या मूळनिवासी पोटावाटोमी लोकांना ही वाट आधीपासून ठाऊक होती. १७८०च्या दशकात पॉइंट दु साब्ल नावाचा व्यापारी तिथे घर बांधून राहिला, तो कृष्णवर्णीय होता. १८३३च्या तहात पोटावाटोमींची जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे धाडलं. १८४८ला त्या पट्ट्यातून सरोवर आणि नद्या जोडणारा कालवा झाला, तो खणण्यात आयरिश मजुरांचे हात मोठे, आणि त्याच वर्षी पहिली रेल्वेही धावली. मग काय, १८४०ला साडेचार हजारही नसलेली वस्ती १८९०ला जवळपास अकरा लाख, तेही मधे १८७१च्या आगीत लाखभर लोक बेघर होऊन!

चिखलाचं काय केलं म्हणाल तर रस्तेच उंच केले, आणि मग इमारती रस्त्याच्या खाली राहिल्या म्हणून त्याही उचलल्या. १८६०मधे लेक स्ट्रीटवरची अख्खी रांग सहाशे माणसांनी सहा हजार जॅक लावून, थोडं थोडं फिरवत चारेक फूट वर घेतली, आणि खाली दुकानं चालूच! मला तर या शहराची हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आता वस्त्यांचं. पिल्सन भाग बघा, नाव चेक लोकांनी आपल्या गावावरून दिलं, अठराव्या रस्त्यावर त्यांनी १८९२ला थालिया हॉल बांधला, नंतर चेक पैसे कमावून उपनगरांकडे गेले आणि १९५०-६०च्या सुमारास मेक्सिकन आले, त्यातले बरेच तर शेजारच्या भागातून नव्या विद्यापीठाच्या कॅम्पससाठी उठवलेले. आता भाडी वाढल्यामुळे तेही निघतायत.

काळ्यांचं तसं झालं नाही. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले, कारखान्यांना माणसं हवी होती, दक्षिणेत काळ्यांच्या वाट्याला कापसाची मजुरी आणि गोऱ्या झुंडीची दहशत, त्यात काळ्यांचा 'शिकागो डिफेंडर' पेपर रेल्वेतल्या पोर्टर लोकांच्या हातून तिकडे पोचायचा. मिसिसिपीतून सरळ शिकागोला रेल्वे होती, लोक बसले आणि आले. शिकागोत काळे १९१०ला ४४ हजार, १९३०ला २ लाख ३४ हजार! पण राहायला साउथ साइडचा, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातला, एक अरुंद पट्टाच. जुलै १९१९मधे एक काळा मुलगा सरोवरात तरंगत गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे सरकला, दगड मारले गेले, तो बुडाला, दंगलीत ३८ जण मेले. पाण्यात रेषा आखलेली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती.

जमिनीवर तर ती रेषा चक्क कागदावर लिहिलेली होती. घराच्या खरेदीखतात अट असायची, काळ्यांना विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. अशा अटी कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने १९४८ला सांगितलं, तोवर वस्त्या ठरून गेल्या होत्या. नंतर सरकारने घरं बांधली तीही बरीचशी त्याच पट्ट्यात. १९६२ला पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर होम्समधे सोळा मजल्यांच्या २८ इमारती हायवेला लागून ओळीने उभ्या होत्या, २००७पर्यंत सगळ्या पाडल्या.