आधी गंज, मग नाव

उत्खननाच्या खड्ड्यातून तलवार वर आली की ‘ग्लॅडियस!’, म्हणजे रोमन सैनिकाची आखूड तलवार, म्हणून ओरडायची घाई करू नकोस. हाताला लागतो तो बहुतेकदा गंजाचा लांबुळका गोळाच. तो ब्रशने खरवडायचा मोह तर आवरच. म्यानाचे लाकूड, चामड्याचा ठसा, सगळे त्या गंजातच चिकटलेले असते. आधी जागेवरच फोटो आणि मोजमाप, नंतर एक्स-रे. इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या रोमन तलवारीत मार्स या युद्धदेवाची जडवलेली आकृती आहे. घासाघाशीत असले काही गेले, तर परत मिळायचे नाही.

आता आकार. पाते कमरेला किंचित आवळलेले आणि टोक लांब निमुळते असेल, तर ग्लॅडियसचा माइन्झ प्रकार. धारा समांतर, टोक आखूड, तर पॉम्पेई प्रकार. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यानंतर हाच जास्त दिसतो. पाते साठ सेंटिमीटरच्या वर गेले की स्पाथा, म्हणजे लांब रोमन तलवार. मात्र झिजलेले, तुटलेले पाते हमखास फसवते, म्हणून एकट्या लांबीवर निकाल देऊ नकोस. मूठही बघ. २०२३ मध्ये इस्रायलमधल्या एन गेदीजवळच्या गुहेतल्या चार तलवारी जाहीर झाल्या, त्यांतल्या तीन स्पाथा होत्या, चौथीच्या मुठीला कडे होते.

आणि अख्खी तलवार पितळी, मुठीवर हर्क्युलिस वगैरे असेल, तर ती बहुधा पर्यटकांसाठी ओतलेली. शेजारचे नाणे किंवा खापराचा तुकडा मात्र फेकू नकोस. वयाबद्दल तेच जास्त बोलतात.