घराआधी गाव बघ

अनेक आशीर्वाद.

तुझी चार गावांची यादी पाहिली. प्रत्येक गावापुढे घराचे फोटो, चौरस फूट आणि किंमत आहे; गावाबद्दल एक ओळ नाही. स्वयंपाकघर पुढेमागे नव्यानं करता येईल, खिडकी मोठी करून घेता येईल. रस्ता, पाणी, नदीचं पात्र आणि शेजार मात्र जसे असतील तसेच घ्यावे लागतात. तेव्हा आधी गाव ठरव. आणि मला विचारशील तर पहिलं वर्ष तिथे भाड्यानंच राहा.

भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं तुला चारजण सांगतील. त्यांच्यापुढे एक हिशोब ठेव. नऊ टक्के दरानं वीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर पहिल्या हप्त्यातला 83 टक्के भाग व्याजातच जातो. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलास तरी मुद्दलातले जेमतेम 11 टक्के फिटलेले असतात. नोंदणीचा खर्च आणि दलाली वेगळी. घर विकताना ती कुणी परत देत नाही. गाव मानवलं नाही आणि दोन वर्षांत बाडबिस्तरा गुंडाळावा लागला, तर मधल्या काळात भाव चांगले चढले असतील तरच सुटलास म्हणायचं. त्यामानानं वर्षभराचं भाडं स्वस्त.

वर्षभर अशासाठी, की सगळे ऋतू अंगावरून जातात. सुट्टीच्या दिवशी, चांगल्या हवेत कुठलंही गाव आवडतं. पुराबद्दल विचारलंस तर ‘शंभर वर्षांतून एकदा येतो हो’ असं उत्तर मिळेल. त्याचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, आणि मागच्या वर्षी पूर येऊन गेला असला तरी ती तेवढीच राहते. तीस वर्षं राहायचं म्हटलं, तर निदान एकदा पाणी घरात शिरण्याची शक्यता 26 टक्के होते, चारात एकाहून थोडी जास्तच. दलालाला विचारत बसू नकोस, भिंती बघ. नव्या रंगाखालून गुडघाभर उंचीवर आडवी सरळ रेघ उमटली आहे का? विजेचा मीटर आणि बटणं नेहमीपेक्षा वर सरकवली आहेत का? जुन्या घरांची जोती नव्या घरांपेक्षा उंच का? आधीच्या माणसांनी जोतं हौसेखातर चढवलेलं नसतं.

तुझ्या पहिल्या पसंतीच्या गावापासून कामाचं ठिकाण 50 मिनिटांवर आहे, असं तू सहज लिहिलंस. जाऊन-येऊन शंभर मिनिटं. वर्षाचे 240 कामाचे दिवस धरले तर 400 तास होतात. आठ तासांचे पन्नास दिवस, तेही बिनपगारी. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञानं 1994 साली मांडलं होतं, की कुठल्याही काळातली माणसं रोजच्या येण्याजाण्याला सरासरी तासाभराच्या आसपासच वेळ देतात. तू त्याच्या दीडपटीहून पुढे चाललास, आणि हे नकाशातलं गणित. कामाच्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत निघून बघ, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत ये. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते विचार. ती चुकली तर लोक काय करतात, हेही विचार.

शाळा, बाजार, इंटरनेट यांची चौकशी तू करशीलच. फक्त रात्री दोन वाजता कुठला दवाखाना उघडा असतो, तेवढं विसरू नकोस.

माहिती काढायची ती गाव सोडून निघालेल्यांकडून. ज्यांचं घर तिथे आहे ते गावाला नावं कशाला ठेवतील? त्यांच्या घराचा भाव त्यावर अवलंबून असतो. सामान बांधून बसलेला माणूस मात्र नळाला पाणी किती वाजता येतं आणि कुठल्या महिन्यात येतच नाही, हे न विचारता सांगतो.

यादीतलं तिसरं गाव काढून टाक. घरं तिथे सगळ्यात स्वस्त आहेत, पण सगळं गाव एकाच कारखान्यावर उभं आहे. मोटारींच्या उद्योगावर वाढलेल्या अमेरिकेतल्या डेट्रॉइटची लोकसंख्या 1950 साली साडेअठरा लाख होती, 2010 मध्ये ती सव्वासात लाखांच्याही खाली आली आणि 2013 मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. कारणं अनेक होती, पण घर विकायला काढलेल्या माणसाला गिऱ्हाईक मिळेना, हे खरं. तुझी नोकरी त्या कारखान्यात नसली तरी तुझं घर उद्या विकत घेणारा तिथलाच कामगार असणार.

उरलेल्या तिन्ही गावांत तशाच घराला भाडं किती पडतं ते काढ आणि किंमत वार्षिक भाड्याच्या किती पट होते ते मला कळव. जिथे तो आकडा सगळ्यात मोठा निघेल, तिथे विकत घ्यायची घाई सगळ्यात कमी. तोवर कुणालाही इसार देऊ नकोस, ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं कुणी कितीही सांगितलं तरी.