धारप, मतकरी वाचून झाले, आता भुताखेतांवर खरंखुरं काय वाचू?

तुम्ही विचारलंय की धारप, मतकरी यांच्या भयकथा सगळ्या वाचून संपल्या, आता भुतंखेतं, मेल्यानंतरचं जग, जुने मंत्रतंत्र यावर गोष्टी नकोत, लोक खरंच काय मानत होते ते वाचायचंय, तर सुरुवात कुठून करू. आधी एक सांगते, फुटपाथवर 'वशीकरण', 'असली प्राचीन इंद्रजाल' अशी जी चोपडी मिळतात त्यांच्यात पैसे घालू नका. त्यात ना जुनं काही असतं ना मजा.

माझं पहिलं नाव ऐकून तुम्ही चक्रावाल. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. हो, तोच, २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळ्या घातल्या. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण हा माणूस संस्कृतचा अभ्यासक होता आणि त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती गोळा करवली होती, तुमच्याकडे कुठली भुतं आहेत, ती कुठे राहतात, दृष्ट कशी काढता, पाऊस लांबला तर काय करता वगैरे. तो गेल्यावर ते सगळं एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने 'फोकलोर नोट्स' या नावाने संकलित केलं, १९१४ ला गुजरातचा भाग आला आणि १९१५ ला कोकणचा. तुम्ही कोकणचाच घ्या. इंग्रजीत आहे पण सोपं आहे, कॉपीराइट कधीच संपलाय, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतं.

आता त्यात काय आहे ते बघा. हडळ म्हणजे बाळंतपणात दहा दिवसांच्या आत गेलेली बाई, पुढून चांगली भरलेली आणि पाठीमागून नुसता सांगाडा, पिवळं लुगडं, केस मोकळे. नवरा जिवंत असताना गेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. मुंज झाली पण सोडमुंज (मुंजीनंतरचं ब्रह्मचर्य संपवायचा विधी) व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा पोरगा मुंजा, तो पिंपळावर. बुडून मेलेला गिऱ्हा, तो पाण्याजवळ. झोटिंग खारवी-कोळ्यांचा, खवीस मुसलमानाचा. म्हणजे मेल्यावरही जात सुटत नाही हो! आणि बाईच्या बाबतीत तर ती कशी जगली याला काही किंमतच नाही, फक्त नवरा होता की नव्हता आणि बाळंतपण पार पडलं का एवढ्यावरून तिचं भूत ठरतं. मला विचाराल तर ही यादी कुठल्याही भयकथेपेक्षा जास्त अंगावर येते, कारण ती कुणी घाबरवायला लिहिलेली नाही, मास्तरांनी गावात ऐकलं ते कळवलंय, बहुतेक ठिकाणी कुठल्या गावच्या मास्तरने कळवलं तेही दिलंय. अर्थात लिहिणाऱ्यांची स्वतःची जात मध्येमध्ये डोकावते, ते लक्षात ठेवूनच वाचायचं.

मेल्यानंतरच्या जगासाठी गरुडपुराण. घरात ठेवू नये, सुतकातच वाचावं असं म्हणतात ते सोडून द्या. फक्त सुतकात वाचतात ती पातळ पोथी म्हणजे बऱ्याचदा सारोद्धार, म्हणजे पुराणाचं सार असतो, नवनिधिरामाने केलेला सोळा अध्यायांचा, अख्खं पुराण नव्हे. अख्ख्या पुराणात प्रेतखंडाच्या, म्हणजे मरणानंतरच्या भागाच्या बाहेर रत्नपरीक्षा, औषधं, नीती, व्याकरण असलं काय काय भरलंय, हिरा कसा पारखावा हेसुद्धा. नरकांची वर्णनं सगळ्यांना पाठ असतात, ती मी भराभर उलटते. मला आवडतो तो पिंडांचा भाग. पहिल्या दिवसाच्या पिंडाने डोकं तयार होतं, दुसऱ्याने मान नि खांदे, असं करत नवव्याला पाय, आणि दहाव्या दिवशी त्या नवीन देहाला भूक-तहान लागते. दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत ताटकळणारे आपण, त्यातल्या किती जणांना हे माहीत असतं?

जुनी जादू हवी असेल तर थेट अथर्ववेदच काढा. पहिल्या कांडातलं बाविसावं सूक्त काविळीवर आहे. त्यात अंगातला पिवळेपणा पोपटांमध्ये आणि हारिद्रव नावाच्या पक्ष्यांमध्ये नेऊन ठेवतात आणि तांबड्या गाईचा रंग रोग्याला देतात. मंत्र एवढाच, तो म्हणताना करायचं काय ते कौशिकसूत्र या अथर्ववेदाच्या विधींच्या ग्रंथात आहे, तिथे पिवळे पक्षी रोग्याच्या खाटेला बांधायला सांगितलेत. म्हणून ही दोन्ही शेजारी ठेवून वाचा, नाहीतर सूक्त नुसती कविता वाटते. ब्लूमफिल्डने १८९७ ला इंग्रजी भाषांतर केलं त्यात कौशिकसूत्रातले उतारे टीपांमध्ये दिलेत, तेही नेटवर फुकट आहे. काविळीचा उपचार मात्र डॉक्टरकडेच करा, प्लीज.

लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे राहिलेच. त्यांचं 'लज्जागौरी' १९७८ चं, डोकं नसलेल्या देवीच्या मूर्तीपासून ते जे उलगडत जातात ते बघाच, पण ते शेवटी घ्या. संदर्भ इतके असतात की पहिल्यांदाच हातात घेतलं तर तिसऱ्या प्रकरणाला दमाल. आधी कोकणचा भाग वाचा, आजीआजोबा असतील तर त्यांना त्यातली भुतांची नावं वाचून दाखवा, पुस्तकात नसलेली चार नावं तेच सांगतील, ती लिहून ठेवा आणि इथे कमेंटमध्ये टाका.