बर्फ पडणाऱ्या कोलोरॅडोत ऐन डिसेंबरमध्ये वणवा कसा लागतो?

वणवा म्हटले की आपल्याला फाल्गुन-चैत्रातले वाळलेले डोंगर आठवतात, त्यामुळे ३० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर काउंटीत (जिल्ह्यात) पेटलेल्या ‘मार्शल फायर’ने हजाराहून अधिक घरे जाळली हे वाचून आपल्याला प्रश्न पडणे साहजिक आहे. मी डेन्व्हरजवळ राहतो. थंडी आली म्हणजे ओलावाही आला, हे येथे खरे नाही. रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी हिवाळी हवा इतकी कोरडी असते की दाराच्या कडीला हात लावताच बोटाला झटका बसतो, आणि वीतभर पडलेला बर्फ दक्षिणेकडील उतारावरून दोन दिवसांत नाहीसा होतो, तर घरामागच्या सावलीत तोच आठवडाभर टिकून राहतो.

हा बर्फ वाराही पळवतो; त्या वाऱ्याला येथे चिनूक म्हणतात. पर्वत ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. झाडाचा ओंडका सुकायला महिने लागतात; गवताच्या काडीला अशी हवा तासाभर मिळाली तरी पुरते.

त्या वर्षी वसंतात पाऊस चांगला झाल्याने गवत भरपूर माजले होते, त्यानंतरचे सहा महिने कोरडे गेले, आणि डेन्व्हरमध्ये मोजण्याइतका पहिला बर्फ १० डिसेंबरला पडला, जो नोंदींतील सर्वांत उशिराचा होता. त्यात ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत आले. अशा वाऱ्यात विमाने उडवता येत नाहीत, म्हणून आकाशातून पाणी टाकणे अशक्य झाले. आग महामार्ग ओलांडून लुईसव्हिल आणि सुपीरियर या गावांत शिरली. माळरानाला लागून असलेली लाकडी कुंपणे तेथे वातीसारखी जळत घरापर्यंत गेली, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण या सगळ्यांत हे एकच असे आहे जे घरमालकाला बदलता येते.

आगीचे एक मूळ, तपासानुसार, सहा दिवसांपूर्वी एका आवारात कचरा जाळून मातीखाली पुरलेल्या निखाऱ्यांत होते; वाऱ्याने ते उघडे पाडले. दुसरे मूळ, त्याच तपासानुसार, बहुधा सुटलेल्या वीजतारेचे होते.

दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, भरपूर बर्फ पडला, आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणाऱ्यांना अजून धुमसणाऱ्या ढिगाऱ्यांवरून आधी तो बाजूला करावा लागला.