नववीच्या मुलांना सोपी पुस्तकं द्यावीत का? इंग्रजी वाचनाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नववीत ३८ मुलं आहेत, मराठी माध्यम. वाचनाच्या तासाला मुलं दर ओळीला थांबून शब्दकोश उघडतात. तास संपला तरी अर्धं पान होत नाही, आणि कंटाळतात. काय करू? (शिक्षिका, गुहागर तालुका)

मुलं आळशी नाहीत, पान कठीण आहे. कुणाला न विचारता गोष्ट समजायची, तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी एका सहकाऱ्यासह २००० साली याची चाचणी घेतली. ज्यांना ८० टक्केच शब्द येत होते, त्यांच्यातल्या एकालाही गोष्ट नीट कळली नाही. पाचात एक शब्द अडला की गोष्ट हातातून सुटते, मग शब्दकोश कितीही चांगला असो.

पुस्तक मुलाला झेपेल का, हे पाच मिनिटांत कळतं. पहिलं पान घेऊ नका, ते बहुधा सोपं असतं. मधलं पान उघडा आणि साधारण १०० शब्द मोजा. ओळीत दहा शब्द असतील तर दहा ओळी. मुलानं त्या मनात वाचायच्या आणि अर्थ न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. दोनपर्यंत ठिपके आले तर पुस्तक घरी न्यायचं. तीन ते पाच आले तर तुमच्याजवळ बसून किंवा जोडीनं वाचायचं. त्याहून जास्त आले तर ते पुस्तक दिवाळीनंतर. ही चाचणी एकेकट्याची घ्या. चारचौघांत घेतली की मुलं ठिपके लपवतात. शिवाय उच्चार जमला म्हणजे शब्द आला, असं मुलांना वाटतं, तेव्हा दोन-तीन शब्दांचा अर्थ विचारून बघा.

अशी पारख केली की नववीतल्या पुष्कळ मुलांना तिसरी-चौथीच्या पातळीचं पुस्तक लागतं, असं दिसेल. खरी अडचण इथे आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ससा-कासव दिलं तर तो पुस्तक दप्तरातून बाहेरच काढणार नाही. त्याला भाषा सोपी हवी, पण विषय त्याच्या वयाचा हवा : समुद्र, खेळ, चोरी, भूत, प्रवास. शब्दांची मर्यादा ठरवून पायरीपायरीनं लिहिलेली वाचनपुस्तकं म्हणजे ग्रेडेड रीडर याचसाठी असतात. ढाक्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात बंगालमधल्या मुलांसाठी अशी पुस्तकं केली. नेहमीच्या पाठ्यपुस्तकात नवे शब्द फार दाटीनं येतात, हे त्यांनी हेरलं होतं. आपल्या पाठ्यपुस्तकावर पेन्सिल घेऊन बसा, तुम्हालाही तेच दिसेल.

लाज घालवायचे दोन उपाय. सगळ्या पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर घाला आणि पातळीची खूण मागच्या पुठ्ठ्याच्या आत करा. दुसरा, आणि जास्त चांगला : शनिवारी अर्धा तास नववीच्या मुलांनी दुसरी-तिसरीच्या मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायची. मग सोपं पुस्तक हातात घ्यायला मानाचं कारण मिळतं. ते नीट वाचून दाखवता यावं म्हणून मुलं घरी तीन-चार वेळा आपणहून वाचतात.

शब्दकोश पान संपल्यावरच उघडायचा, तोही जास्तीत जास्त तीन शब्दांसाठी.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. इंग्रजी धडाधडा वाचतो, पण काय वाचलंस विचारलं तर गप्प. (पालक, देवगड)

तो अक्षरं वाचतोय, वाक्य नाही. मोठ्यानं वाचताना सगळं लक्ष उच्चारावर जातं. दुसरं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. हे वाक्य बघा : ‘द बोट दॅट केम लास्ट नाइट वॉज फुल ऑफ फिश.’ मराठीत आपण ‘काल रात्री आलेली’ आधी म्हणतो आणि ‘बोट’ नंतर. इंग्रजीत बोट आधी येते आणि ती कोणती, हे मागून. मुलगा शेपूट पकडतो आणि सांगतो, ‘काल रात्री मासे भरपूर होते.’ शब्द सगळे आले, बोट मात्र गेली.

त्याच्याकडून वाक्यात पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारून घ्या : द बोट / दॅट केम लास्ट नाइट / वॉज फुल ऑफ फिश. मग विचारा : काय? कोणती? कशी होती? उत्तर मराठीत द्यावं, मालवणीत दिलं तरी उत्तम. समजलंय की नाही हे पाहायचंय, त्याचं इंग्रजी बोलणं नव्हे. रोज पाच वाक्यं पुरेत. तीन-चार आठवड्यांनी रेघा बंद करा, नाहीतर त्यांचीच सवय लागते. बाकीचं वाचन मनातल्या मनात होऊ दे.

प्रश्न : इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून दिले तर? (शिकवणी घेणारे वाचक, अलिबाग)

देऊ नका. डोळा ओळखीच्या लिपीकडेच जातो आणि इंग्रजी शब्दाचा चेहरा मनात बसत नाही. पश्चिम, कंबर आणि वाया घालवणं, या तिन्हींचे इंग्रजी शब्द देवनागरीत ‘वेस्ट’च होतात. अर्थ सांगतं ते स्पेलिंग, आणि तेच आपण झाकून टाकतो. त्यापेक्षा तुम्ही सावकाश वाचा आणि मुलांनी ओळीखाली बोट फिरवावं. माणसांची, गावांची अवघड नावं तेवढी देवनागरीत लिहायला हरकत नाही.

प्रश्न : शाळेकडे पैसे थोडे. पुस्तकं कुठून आणायची? आणलेली पावसाळ्यात बुरशी धरतात. (ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक, चिपळूण)

सुरुवातीला वर्गात जितकी मुलं, त्याच्या दीडपट पातळ पुस्तकं असू द्या : ४० मुलांना ६०. एकाच पुस्तकाच्या ४० प्रती घेऊ नका, निवड करता आली तरच मुलं वाचतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांवरची चित्रपुस्तकं मोफत आहेत आणि ती छापून वाटायला परवानगी आहे. बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही मिळतात. कच्च्या मुलांना आधी मराठीतून वाचू द्या, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्दाचा अंदाज बरोबर येतो. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकंही स्वस्त असतात.

बुरशीचं म्हणाल तर हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की ती धरते, आणि आपल्याकडे जुलैत त्याहून कितीतरी जास्त असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुस्तकं खचाखच भरू नका. खालचा कप्पा रिकामा ठेवा, २२ जुलै २०२१ चा पूर चिपळुणात कुणाला सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची चूक बरेच जण करतात. ओल आतच कोंडते आणि बुरशी अधिक वाढते. पुस्तक भिजलंच तर उभं करून पानं थोडी उलगडा आणि पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. दर दहा-बारा पानांमागे कोरा कागद घाला. वर्तमानपत्राची शाई उतरते. गुळगुळीत पानं ओली असतानाच सुटी करा, वाळल्यावर ती निघत नाहीत. बुरशी झटकायची ती बाहेर, नाकाला रुमाल बांधून.

आणि पावसाळ्यात पुस्तकं मुलांच्या घरी गेलेली सगळ्यांत बरी. हाताळलेल्या पुस्तकाला बुरशी कमी लागते.

प्रश्न : वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर चाचणी घ्यावी का? (मुख्याध्यापक, मंडणगड)

नको. चाचणी आली की मुलं सर्वांत पातळ पुस्तक उचलतात आणि सारांश एकमेकांचा उतरवतात. वहीत तारीख, पुस्तकाचं नाव आणि ‘आवडलं का’ एवढंच असावं. अर्धवट सोडलेलं पुस्तकही त्यात लिहू द्या. कोणती पुस्तकं सुटतात, हे तुम्हाला कळायला हवं.

प्रश्न : मी दहावीत आहे. एसटीनं येण्याजाण्यात दीड तास जातो. अभ्यास सांभाळून इंग्रजी वाचन कसं करू? (विद्यार्थिनी, राजापूर तालुका)

चालत्या गाडीत वाचू नकोस. आपल्या वळणांच्या रस्त्यावर पुस्तकात डोळे घातले की मळमळतं. गाडीची वाट पाहतेस ती पंधरा मिनिटं धर. मिनिटाला ८० शब्द म्हणजे हळूच वाचलंस, तरी रोजचे १,२०० होतात. आठवड्याचे पाच दिवस, असे तीस आठवडे केलेस तर १ लाख ८० हजार. इतक्या वाचनात नेहमीचे शब्द दहा-बारा वेळा वेगवेगळ्या जागी भेटतात आणि पाठ न करता लक्षात राहतात. परीक्षेतला न पाहिलेला उताराही मग परका वाटत नाही.

अडलेल्या शब्दापाशी थांबू नकोस, पुढचं वाक्य वाच. तोच शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तर खूण कर आणि घरी जाऊन बघ. पुस्तक पिशवीत घालून दप्तराच्या वरच्या कप्प्यात ठेव, छत्रीच्या कप्प्यात नको.