लापशीचे ओट्स कोरडे मोजायचे की शिजल्यावर?

तुमचा प्रश्न असा: 40 ग्रॅम ओट्स घेतले, शिजल्यावर लापशी 250 ग्रॅम भरली, तर कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये कुठला आकडा टाकायचा? आणि सगळं मापून घेऊनही अंगाचं वजन का हलत नाही?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: कोरडे. 40 ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये साधारण 150 कॅलरी असतात. त्या शिजवून वाढत नाहीत आणि आटवून कमी होत नाहीत. वाढलेलं वजन पाण्याचं. कोरड्या ओट्सच्या नोंदीत 250 टाकलेत तर ॲप साडेनऊशेच्या आसपास दाखवेल आणि दिवसभर उपाशी बसाल. दोघांची एकत्र करत असाल तर रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा, शिजल्यावर ते वजा करा आणि आपल्या वाट्याला किती आली ते बघून त्याच प्रमाणात कोरडे ओट्स धरा. झालं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे. कारण तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, 'मध काय, चमचाभरच घालते, तो कशाला मोजायचा.' हेच वाक्य मी दादाच्या तोंडून रोज सकाळी ऐकलंय.

दादा काही काळ आमच्याकडे राहायला होता. वजन उतरवायचं मनावर घेतलं होतं त्याने. लापशी स्वतःची स्वतः करायचा आणि वाडगा घेऊन बसताना जाहीर करायचा, 'साडेतीनशेची आहे.' ओट्यावरचा माझा वजनकाटा दिसला की टोमणा ठरलेला: 'माझा हात बसलाय गं, तुझं हे सोनाराचं दुकान आवर.'

एकदा मी उलट बोललेच नाही. मधाची बरणी काट्यावर ठेवली, शून्याचं बटण दाबलं आणि बाजूला झाले. त्याने चमचा बरणीत बुडवला. वर आला तेव्हा मध चमच्याच्या पाठीवरूनही ओघळत होता. तो वाडग्यावर दोनदा गोल फिरवला, चमचा चाटला आणि पुन्हा बुडवला. काट्यावर उणे 38 आलं. ॲपमध्ये त्याने '2 चमचे मध, 40 कॅलरी' अशी नोंद केली होती. 38 ग्रॅम मधाच्या होतात 115.

मग मी बाकीचंही बघितलं. त्याची 'एक वाटी' ओट्स शीग लावून 62 ग्रॅम, म्हणजे 235. सायीसकट दूध पाव लिटर, 160. मूठभर बदाम 30 ग्रॅम, 175. वर एक केळं, 90. बेरीज पावणेआठशे. सांगितलं तर म्हणतो कसा, 'मध नैसर्गिक असतो, तो साखरेसारखा अंगाला लागत नाही.'

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, तर इथेच मांडते. ग्रॅमाला ग्रॅम लावलं तर मध हलका हे खरं. त्यात पाणी असतं म्हणून ग्रॅमला 3 कॅलरी, साखरेला 4. पण आपण ग्रॅमने घालतो का? चमच्याने घालतो. आणि मध जड असतो. 15 मिलीच्या सपाट चमच्यात मध भरतो 21 ग्रॅम, साखर भरते 12-13. म्हणजे मध 64 कॅलरी, साखर 50. चमच्याला चमचा घातलात तर मधच महाग पडतो. दादा, वाचत असशील तर बरणी अजून तिथेच आहे.

आणि हो, त्यानंतर नातेवाइकांत 'ही पाहुण्यांचे घास मोजते' असं पसरवलं गेलं. मी कुणाचा घास मोजला नाही. बरणी मोजली.

तर तुम्हीही तेच करा. वाडगा काट्यावर ठेवून वरून मध ओतू नका, एकदा जास्त पडला की परत काढता येत नाही. बरणी काट्यावर ठेवा, शून्य करा, चमच्याने काढा. जो उणे आकडा दिसेल तेवढा मध तुमच्या पोटात गेला, चाटलेला धरून. बदामाच्या डब्यालाही हेच. 'मूठभर' आणि 'वरून थोडंसं' ही मापं नव्हेत, ही पळवाट आहे. पाणी अंदाजाने घेतलंत तरी चालेल, पण ओट्स मोजा, आणि वरून पडणाऱ्या वस्तू तर मोजाच.

दूध कुठलं घेता ते तुम्ही लिहिलं नाहीत. गाईचं, सायीसकट असेल तर 100 मिलीला 65 धरा, साय पूर्ण काढलेलं असेल तर 35. अर्धं दूध, अर्धं पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवलीत तर दाटपणात फारसा फरक पडत नाही. तो दाटपणा ओट्सचा स्वतःचाच असतो. दूध शेवटी घाला, म्हणजे तळाला लागत नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर हेही सांगायला हवं की पाकिटावरचा आकडासुद्धा अंदाजच असतो. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला 4, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला 9, असा सरासरी हिशोब करून तो छापतात. त्यामुळे पाच-दहा कॅलरींसाठी जीव काढू नका. मधुमेह असेल तर मध की साखर हा वादच तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारा. आणि मोजल्याशिवाय घास घशाखाली उतरेनासा झाला असेल, तर काटा कपाटात टाका आणि कुणा जाणत्याशी बोला. वजन का हलत नाही, हे मी फक्त नाश्त्यावरून सांगू शकत नाही. दुपारचं आणि रात्रीचं काय खाता ते लिहा, मग बघू.