मोजणारा कुठे उभा असतो

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. यूपीएस या पार्सल कंपनीच्या अटलांटाजवळच्या मुख्यालयात तू औद्योगिक अभियंता म्हणून रुजू होते आहेस हे वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. शंभरी केव्हाच ओलांडलेल्या या कंपनीचे ‘कल्चर बदलते आहे’ असे जो तो सांगतो, तर नेमके काय बदलते आहे आणि नव्या माणसाने ते कशावरून ओळखावे, असे तू विचारले आहेस. मी त्या कंपनीत कधीच नव्हतो. माझी सत्तावीस वर्षे न्यू जर्सीत दुसऱ्याच एका पार्सल कंपनीच्या छाननी केंद्रात गेली. तरी या धंद्यातला प्रत्येक जण एक डोळा यूपीएसवर ठेवूनच काम शिकतो, त्यामुळे बाहेरून का होईना, ते घर मी पुष्कळ पाहिले आहे. भिंतीवरची घोषवाक्ये वाचण्यात वेळ घालवू नकोस. काम मोजणारा कोण, ज्याचे काम मोजले जाते तो कोण आणि त्या दोघांमध्ये अंतर किती, एवढे पाहत गेलीस की बाकीचे आपोआप उमगेल. तिथे मोजणारी तूच असणार आहेस, म्हणून हे आधीच लिहितो.

जिम केसी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने १९०७ साली क्लॉड रायन या जोडीदाराबरोबर सिअ‍ॅटलमध्ये शंभर डॉलर उसने घेऊन निरोप पोहोचवण्याचा धंदा सुरू केला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. मोजमापाचे वेड तिच्यात फार जुने आहे. गाडीची किल्ली कोणत्या बोटात अडकवावी आणि पायरीवर आधी कोणता पाय ठेवावा, इथपर्यंत चालकाच्या हालचाली तिथे ठरवून दिलेल्या असतात, आणि अशा ३४० पद्धती असल्याचे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला ही निव्वळ जाचणूक वाटते. पण माणसे ती दशकानुदशके सोसत आली, इतकेच नव्हे तर ‘आमचे रक्तच तपकिरी’ असे (तपकिरी हा कंपनीच्या गणवेशाचा आणि गाड्यांचा रंग) अभिमानाने म्हणत आली, याचे कारण समजून घे. मोजणारा माणूस बहुधा त्याच पायरीवरून चढून आलेला असे. जिम केली १९६४ साली चालक म्हणून लागले आणि पुढे कंपनीचे प्रमुख झाले. डेव्हिड अ‍ॅबनी १९७४ साली मिसिसिपीतल्या ग्रीनवूड येथे अर्धवेळ माल भरत होते, ते २०१४ मध्ये त्याच पदावर पोहोचले. शिवाय १९२७ पासून कंपनीचे समभाग बाहेर न विकता आतल्याच माणसांना, विशेषतः व्यवस्थापकांना, दिले जात. ज्याच्या खिशात कंपनीचा तुकडा आहे आणि ज्याच्या पाठीला जुन्या ओझ्याची आठवण आहे, त्याने घड्याळ लावले तर ते वेगळे वाटते.

हे सगळे गोडगोड होते असे मात्र समजू नकोस. ऑगस्ट १९९७ मध्ये टीमस्टर्स युनियनच्या सुमारे १,८५,००० कामगारांनी पंधरा दिवस संप केला, तेव्हा कंपनीचे प्रमुख हेच एके काळचे चालक जिम केली होते. वाद मुख्यतः अर्धवेळ नोकऱ्यांचा होता, आणि शेवटी कंपनीला १०,००० नव्या पूर्णवेळ जागा कबूल कराव्या लागल्या. (तुझे आजोबा गिरणीत होते आणि १९८२ नंतर तुमच्या घरात ‘संप’ हा शब्द कोणत्या आवाजात उच्चारला जातो, हे मला माहीत आहे. तिकडे तो शब्द वेगळ्या आठवणी घेऊन येतो, म्हणून घरचा हिशेब तिथे लावू नकोस.) लोकमत त्या वेळी चालकांच्या बाजूने गेले, कारण चालक रोज दारात येणारा ओळखीचा माणूस होता आणि कंपनीचा अधिकारी कोणी पाहिलेलाच नव्हता.

माझ्या मते खरा सांधा नोव्हेंबर १९९९ मध्ये बदलला. कंपनीने समभाग खुल्या बाजारात आणले, सुमारे साडेपाच अब्ज डॉलर उभे राहिले आणि अमेरिकेतली तोवरची ती सर्वांत मोठी प्रारंभिक विक्री ठरली. आतल्यांच्या समभागांना दहापट मते ठेवली असली, तरी दर तिमाहीला उत्तर मागणारा एक परका माणूस त्या दिवसापासून घरात आला. मोजण्याची साधनेही दूर सरकत गेली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी चालकाच्या हाती डायड हे सही घेणारे यंत्र आले, पुढे पॅकेज कारमध्ये, म्हणजे घरोघरी माल पोहोचवणाऱ्या गाडीत, सेन्सर बसले, आणि २०१३ पासून ओरायन ही प्रणाली रोजचा मार्ग आखू लागली. प्रत्येक चालकाचा दिवसाला एक मैल वाचला तर वर्षाला पाच कोटी डॉलर वाचतात, असे कंपनी सांगत असे, आणि त्या हिशेबात खोटे काहीच नाही. फक्त पूर्वी ज्या पर्यवेक्षकाशी भांडता येत असे, त्याच्या जागी आता पडदा आला.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. पंचविशीत असताना मी आमच्या केंद्रात प्रीलोडच्या वेळी, म्हणजे चालक निघण्याआधी गाड्या भरल्या जातात तेव्हा, पहाटे चार वाजता घड्याळ घेऊन उभा राहिलो आणि गाडीत माल भरण्याचा नवा क्रम बसवून दिला. दर गाडीमागे काही मिनिटे वाचली, माझे कौतुक झाले. महिन्याभरात दोन चालक पाठदुखीने घरी बसले. माल भरणारा म्हातारा जड खोकी नेहमी कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवत असे, चालकाला वाकावे लागू नये म्हणून. माझ्या क्रमात ती जमिनीवर गेली होती. तू आधी सांगितले का नाहीस, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तू विचारलेस कुठे?”

अलीकडचे बदल याच नजरेने पाहा. २०१८ च्या करारात चालकांची कमी वेतनाची एक दुसरी श्रेणी निर्माण झाली. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी तो करार नाकारला, तरी निम्म्याहून कमी मतदान झाले तर करार नाकारायला साधे बहुमत पुरत नाही, या नियमावर बोट ठेवून युनियनच्या नेतृत्वाने तो लागू केला. ती चीड साचत गेली, पुढे युनियनचेच नेतृत्व बदलले, आणि २०२३ च्या करारात ती श्रेणी रद्द झाली. त्याच करारात १ जानेवारी २०२४ नंतर घेतल्या जाणाऱ्या नव्या पॅकेज कारमध्ये वातानुकूलन देण्याचेही ठरले. भर उन्हाळ्यात त्या तपकिरी पेटीत तासभर बसलेल्या कोणालाही हे सुचायला २०२३ साल उजाडावे लागले नसते.

दाढीची गोष्टही लक्षात ठेव. ग्राहकांसमोर जाणाऱ्यांना दाढी ठेवण्याची मनाई होती आणि धार्मिक कारणाने ती ठेवणाऱ्यांच्या प्रकरणात कंपनीला २०१८ मध्ये ४९ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. कॅरोल टोमे २०२० मध्ये प्रमुख झाल्या. कंपनीच्या रोजच्या कामातून वर न आलेली व्यक्ती त्या खुर्चीत प्रथमच बसली आणि त्याच वर्षी दाढीची व नैसर्गिक केशरचनेची बंदी उठली. म्हणजे बाहेरून आलेल्या डोळ्यांना आतल्यांना सवयीचे झालेले काही दिसते. मात्र त्याच डोळ्यांनी अ‍ॅमेझॉन या सर्वांत मोठ्या ग्राहकाचा माल २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून अधिक कमी करण्याचे ठरवले, आणि २०२५ मध्ये सुमारे ४८,००० नोकऱ्या कमी झाल्या, त्यांतल्या १४,००० व्यवस्थापनातल्या होत्या. नफ्याच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पण माल भरणाऱ्याने प्रमुख होण्याची जी वाट होती, तिच्या मधल्या पायऱ्या याच चौदा हजारांत होत्या.

तेव्हा तुझ्यासारख्या, पायऱ्या न चढता थेट वरच्या मजल्यावर उतरलेल्या मुलीकडे तिथले लोक सावधपणे पाहतील, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पहिल्या महिन्यातच वरिष्ठांकडे अर्ज कर की मला आठवडाभर प्रीलोडला उभे राहायचे आहे आणि आठवडाभर पॅकेज कारमध्ये चालकाच्या शेजारी बसायचे आहे. वही ने, घड्याळ नेऊ नकोस. युनियनच्या प्रतिनिधीला आधी स्वतः जाऊन भेट, नाहीतर तू गुप्तहेर ठरशील. डिसेंबरात मालाचा लोंढा येतो, तेव्हा कार्यालयातल्यांनाही हात लावावा लागण्याची शक्यता असते, तर ती टाळू नकोस. बूट मात्र आजच घे आणि घरात घालून फीर, कारण नव्या बुटांनी पहाटेची एक पाळीही निभत नाही.

तुझा,
काका